निगेटिव्ह कुणाची? मुरगूडच्या फोटो-दुकानांच्या निमित्ताने

गावाचा इतिहास लिहायला घेतला की आपण प्रथम सनदा, शिलालेख, जमिनीचे उतारे आणि नगरपालिकेची इतिवृत्ते शोधू लागतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र लहान गावांतून आणखी एक दप्तर तयार होत होते आणि त्याला दप्तर म्हणावे असे कुणालाच वाटले नाही. ते होते फोटोग्राफरच्या दुकानातले, निगेटिव्हच्या पाकिटांचे. त्या दप्तराविषयी इथे चार गोष्टी नोंदवाव्यात असे आम्हांस वाटते. समोर उदाहरण आहे ते मुरगूडचे.

कागल तालुक्यातले, वेदगंगेच्या काठचे मुरगूड हे निपाणी-राधानगरी रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. आसपासच्या खेड्यांतली माणसे बाजाराला, शाळेला, कचेरीच्या कामाला इथे येत आणि त्यातच फोटोचे काम उरकून जात. शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरीचा अर्ज, स्थळाकडे धाडायचा मुलीचा फोटो, गदा खांद्यावर घेतलेला पैलवान, नवे जोडपे, पहिले जावळ अशी कारणे ठरलेली असत. दुकानात आरसा, कंगवा आणि पावडरचा डबा असे. खुंटीवर एक कोट व टाय लटकत असे आणि तो एकच कोट अनेकांच्या अंगी पडे. मागे रंगवलेला पडदा; त्यावर बाग, कारंजे किंवा महालाच्या पायऱ्या. ‘हनुवटी जरा खाली’ एवढे ऐकू येई, आणि एरवी शेतात वाकलेला माणूस क्षणभर ताठ होई. पंचक्रोशीतल्या कित्येकांचा आयुष्यातला एकमेव फोटो असाच निघालेला आहे.

या पडद्याला कोल्हापूरच्या परिसरात एक खास वंशावळ आहे. इथे कॅमेरा आला तो कुंचल्याचा हात धरून. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नाटकांचे पडदे रंगवणारे. आनंदरावांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली त्यांचे निधन झाले. बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने तो कॅमेरा १९१८ मध्ये पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढे आणला. विलायती यंत्राची वाट न पाहता लेथ आणि कानस यांच्या जोरावर कॅमेरा घडवणारे हे शहर. तेव्हा त्याच्या आसपासच्या गावांतही फोटोग्राफर हा निम्मा चित्रकार असावा, यात नवल नाही.

त्याची चित्रकारी सर्वांत जास्त दिसे ती अंधाऱ्या खोलीबाहेर, खिडकीपाशी. धुतलेली निगेटिव्ह उजेडासमोर धरून तो टोकदार पेन्सिलीने तिच्यावर बारीक काम करी. गालांवरचे देवीचे वण बुजवी, डोळ्यांखालची काळी वर्तुळे फिकट करी. कागदावरच्या कॉपीत ही कारागिरी लपून जाते. निगेटिव्हवर पेन्सिलीची प्रत्येक रेघ दिसते. म्हणजे कॉपी सांगते ती माणसाला हवी असलेली छबी, आणि निगेटिव्ह सांगते ती छबी कशी घडवली गेली ते. आई-वडील निवर्तल्यावर त्यांचा स्वतंत्र फोटो नसे. मग लग्नातल्या समूहछायाचित्रातून चेहरा उचलून मोठा केला जाई आणि त्याला फेटा व कोट रंगवून दिला जाई. भिंतीवर हार घातलेले किती तरी पूर्वज असे अर्धे फोटो व अर्धे चित्र आहेत.

दुकान केवळ स्टुडिओ नव्हते. तिथेच रोल मिळे, तिथेच तो धुवायला टाकता येई, आणि सहलीसाठी कॅमेरा भाड्यानेही मिळे. स्वतःचा कॅमेरा ही फार थोड्यांची गोष्ट होती. आयातीवरच्या निर्बंधांच्या काळात परदेशी कॅमेरा दुर्मीळ आणि महाग होता. बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक-३ हाच अनेक घरांतला पहिला कॅमेरा ठरला. १२० क्रमांकाच्या रोलवर त्यात बारा चौकोनी फोटो निघत. उटीजवळच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म १९६७ पासून बनू लागली. बाराच फोटो असल्याने प्रत्येक वेळी बटण दाबण्यापूर्वी विचार होई, आणि तो विचार दुकानदाराला विचारून होई. ऊन पाठीशी घ्यावे, दुपारी फोटो काढू नये, हे शिक्षण गिऱ्हाइकाला तिथेच उभ्या-उभ्या मिळे.

रंगीत फिल्म आली आणि कारागिराचा हात सुटू लागला. रंगीत रोल धुण्याचे काम गावच्या अंधाऱ्या खोलीत परवडणारे नव्हते; तो रोल शहरातल्या यंत्राकडे जाऊ लागला आणि दुकानदार हळूहळू मध्यस्थ झाला. पुढे डिजिटल कॅमेऱ्याने रोलच संपवला व मोबाइलने कॅमेराही. कोनिकाने २००६ मध्ये या व्यवसायातून बाहेर पडण्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. जिथे जगड्व्याळ कंपन्या टिकल्या नाहीत तिथे गावच्या दुकानाची काय कथा! काहींनी झेरॉक्स व लॅमिनेशनचा आधार घेतला, काहींनी लग्नाचे व्हिडिओ पत्करले, काहींनी शटर ओढले.

आम्हांस खंत आहे ती शटर ओढल्याची नाही. धंदे येतात आणि जातात. प्रश्न आतल्या पाकिटांचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. निगेटिव्ह मात्र रिवाजाने दुकानातच राहिली, ‘आणखी कॉपी लागली तर’ म्हणून. हक्क एकाचा, वस्तू दुसऱ्यापाशी, आणि जबाबदारी कुणाचीच नाही. ॲसिटेटची फिल्म उष्णतेने व दमटपणाने कुजते. तिला आंबूस वास सुटतो, ती आक्रसते. पश्चिमेकडच्या पावसात बुरशीही धरते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी जिल्ह्यात घराघरांतले आल्बम भिजवले. उरलेल्या निगेटिव्ह कधी रद्दीत गेल्या, कधी त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी विकल्या गेल्या. एका पिढीचे चेहरे गुंजाभर चांदीच्या भावात जावेत, याहून क्रूर सौदा आम्हांस सुचत नाही.

याला नमुना थोरामोठ्यांनीच घालून दिला आहे. ज्या ‘सैरंध्री’चा आपण अभिमान सांगतो, तो चित्रपट आज उपलब्ध नाही. कॅमेरा बनवण्याची जिद्द आपल्यात होती. त्याने टिपलेले जपण्याची सवय नव्हती. चित्रपटांसाठी निदान १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले. गावच्या दुकानातल्या फोटोंना तेवढेही छत्र लाभले नाही, कारण त्यांत नट नव्हते, राजे नव्हते. त्यांत होते ते उसने कोट घातलेले शेतकरी, हातात पाटी दिलेली मुले आणि डोक्यावरचा पदर सावरणाऱ्या, नजर कुठे ठेवावी हे न उमगलेल्या सुना. सातबाराच्या उताऱ्यावर यांतल्या कित्येकींचे नावही सापडणार नाही.

काम अजून हाताबाहेर गेलेले नाही. गावचे वाचनालय, शाळा, महाविद्यालयातला इतिहास विभाग यांपैकी कुणीही बंद दुकानांच्या माळ्यांवरची पाकिटे मागून घ्यावीत. कोरड्या जागी ठेवावीत, स्कॅन करावीत, आणि ज्यांचे चेहरे आहेत त्यांच्या वारसांची संमती घेऊनच लोकांपुढे मांडावीत. पाकिटावर पुष्कळदा नाव, गाव आणि तारीख लिहिलेली असते; नसेल तर चेहरे ओळखणारी वडीलधारी माणसे आज आहेत, आणखी दहा वर्षांनी असतीलच असे नाही. म्हणून घाई करायची ती पाकिटांसाठी आणि त्याहून अधिक त्यांच्या आठवणींसाठी. निगेटिव्ह कुणाची, याचा निवाडा कायदा करील. तिच्यातला माणूस कोण, हे सांगू शकणारे मात्र गावातच बसलेले आहेत.