टोपी सांभाळा!

आधी ही लोकरीची चपटी टोपी घाला. उघड्या डोक्यानं गेलात तर परके म्हणून लगेच ओळखू याल. 1933 सालचं ग्लासगो, एप्रिलमधला शनिवार. दुपारीच पाळी सुटलीय आणि अंगावरची काजळी न धुताच सगळे ट्रामला लोंबकळत हॅम्पडन पार्कच्या फुटबॉल मैदानाकडे निघालेत. तुम्हीही लोंबकळा.

आत शिरलात? नाक खाजवायचं असेल तर आत्ताच खाजवा, नंतर हात वर निघणार नाही. 1,34,000 हून जास्त माणसं आलीत. तुमच्या वाट्याला खुर्ची नाही, उतारावरची वीतभर जागा आहे. पाइपचा धूर, बिअर, घामेजलेली लोकर. मागून रेटा आला की चार पायऱ्या खाली, ओसरला की दोन वर. पाय जमिनीला लागतीलच असं नाही. पोटरीला अचानक ऊब जाणवली तर खाली बघू नका. एवढ्या गर्दीतून मुतारी गाठणं कुणाला जमतंय!

मैदानात स्कॉटलंड, समोर इंग्लंड. आणि स्कॉटलंडकडून खेळणारा तो बुटका, रुंद खांद्यांचा गडी म्हणजे इथल्याच सेल्टिक क्लबचा जिमी मॅकग्रोरी. गार्नगॅडच्या वस्तीतला, गॅस कारखान्यातल्या मजुराचा पोरगा. त्या चामडी चेंडूची वादी कपाळाला लागली तर वळ उठतो. हा त्याच चेंडूवर आडवा झेपावून डोकं मारतो. म्हणून त्याला ‘मानवी टॉर्पेडो’ म्हणतात. लंडनच्या आर्सेनलनं बोलावलं, पण हा हलला नाही. त्याच्या खाती अखेर 408 लीग सामन्यांत 410 गोल जमा होणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेजाऱ्याला सांगू नका. तो म्हणेल, ‘एवढेच?’

एक-एक अशी बरोबरी. थोडाच वेळ उरलाय. तुमच्या डावीकडे शहरातल्या दुसऱ्या क्लबचा, रेंजर्सवाला, उजवीकडे सेल्टिकवाला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे. तेवढ्यात रेंजर्सचा मॅकफेल चेंडू पुढे सरकवतो, मॅकग्रोरी धावतो... गोल!

‘हॅम्पडनची गर्जना’ म्हणून पुढे नावाजलेला तो आवाज तुम्हाला कानांआधी बरगड्यांत कळतो. डावा उजव्याला मिठी मारतो, मधे तुम्ही चेपले जाता. आभाळात टोप्याच टोप्या. तुमचीही गेली.

डोक्यावर येऊन पडलेली टोपी घट्ट होतेय, आतून दमट आहे, कोळशाचा वास येतोय. असू द्या. तुमची आत्ता दुसऱ्या कुणाच्या तरी कानांवर ओघळत असेल.