वूझोच्या मळ्यातले हात

वसंत व्याख्यानमालेत मद्याचा विषय कशाला, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. दारूने बसवलेली कामगारांची बिऱ्हाडे मी कितीतरी पाहिली आहेत. तेव्हा तिची भलावण करण्यासाठी मी हा विषय घेतलेला नाही. परंतु उंची कापड म्हटले की त्यामागे सूत काढणारा आणि विणणारा असतोच. तसेच जगात नावाजलेल्या फ्रेंच तांबड्या मद्यामागेही माणसे आहेत. त्यांचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही, तो थोडक्यात सांगावा एवढाच माझा हेतू.

फ्रान्सच्या पूर्वेकडील बर्गंडी प्रांतात, दीझाँ शहराच्या दक्षिणेस, टेकड्यांची एक लांबच लांब उतरण आहे. तिच्या पायथ्याशी वूझो हे लहानसे खेडे. तेथे दगडी भिंतीने वेढलेला सुमारे ५० हेक्टरांचा, म्हणजे सव्वाशे एकरांचा, द्राक्षमळा आहे. त्याला ‘क्लो द वूझो’ म्हणतात. ‘क्लो’ म्हणजे कुंपण घातलेले शेत. तेथे पिकणाऱ्या काळ्या द्राक्षाचे नाव पिनो न्वार. त्याची साल पातळ, अंकूर लवकर फुटणारा. त्यामुळे वसंतातले हिमही त्याला बाधते आणि पावसाळी हवेत बुरशीही लवकर धरते. सालच पातळ असल्याने मद्याचा रंग गडद होत नाही. नवे असताना त्याला चेरीसारख्या फळांचा वास येतो. वर्षे लोटली की ओल्या मातीचा आणि पालापाचोळ्याचा. त्याची थोरवी जोरकसपणात नसून नाजूकपणात आहे.

आता हा मळा लावला कोणी? १०९८ मध्ये जवळच सीतो येथे ख्रिस्ती साधूंचा एक मठ स्थापन झाला. अंगमेहनत हे या पंथाचे व्रत होते. बाराव्या शतकाच्या आरंभी वूझोची जमीन मठाला दान मिळू लागली आणि सुमारे १३३६ पर्यंत सगळ्या मळ्याभोवती भिंत पुरी झाली. परंतु मठात दोन वर्ग होते. प्रार्थना गाणारे साधू शिकलेले असत. शेतीचे अवजड काम सेवक-बंधूंकडे असे. या सेवक-बंधूंनी पुस्तक बाळगू नये, चार प्रार्थना तोंडपाठ कराव्यात, याहून अधिक शिकू नये, असा पंथाचा नियमच होता. ज्याचे अर्धे शिक्षण फुकट वाचनालयात झाले, अशा माझ्यासारख्या माणसाला हा नियम वाचून थांबावे लागते. कारण याच मळ्यात उतरणीच्या माथ्याची चुनखडीची पातळ माती पाण्याचा लगेच निचरा करते, तर खालची चिकण माती ओल धरून ठेवते, आणि दोन्हीकडच्या मद्यात फरक पडतो. पिढ्यान् पिढ्या कुदळ मारणाऱ्यालाच हा फरक आधी कळणार. ज्यांना अक्षर वाचण्याची बंदी होती, त्यांनी जमीन वाचली.

पुढे राजसत्तेनेही या मद्याची काळजी वाहिली. १३९५ मध्ये बर्गंडीचा सरदार फिलिप याने गामे जातीचे द्राक्ष उपटून टाकण्याचा हुकूम काढला. गामे पिकते भरपूर आणि लवकर. म्हणून गरीब शेतकऱ्याला ते सोयीचे. फिलिपने त्याला दुष्ट आणि बेइमान ठरवले. मद्याची अब्रू राखली गेली खरी; पण त्या अब्रूची किंमत कोणी भरली, हे ध्यानात ठेवावे.

१७८९ च्या क्रांतीनंतर चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या झाल्या आणि १७९१ मध्ये वूझोचा मळा लिलावात निघाला. भिंत पडली नाही. मालक तेवढे बदलले. जमीन पैसेवाल्याकडे गेली. १८८९ नंतर मळ्याचे तुकडे पडत गेले आणि आज त्याच भिंतीच्या आत सुमारे ऐंशी मालक आहेत. त्याच सुमारास आणखी एक अरिष्ट आले. मुळे खाणारा फायलोक्सेरा हा अमेरिकी कीटक १८७८ मध्ये या जिल्ह्यात आढळला. शेवटी अमेरिकी मुळावर फ्रेंच डोळा बांधून मळे नव्याने उभे करावे लागले. प्रत्येक वेल हाताने उपटायची, प्रत्येक वेल हाताने कलम करायची!

मद्य करण्याची रीत दिसायला सोपी आहे. शरदाच्या तोंडी घड खुडतात, सडके मणी निवडतात आणि द्राक्षे उघड्या पिंपात आंबू देतात. साली वर तरंगून घट्ट थर धरतात. तो थर खाली दाबत राहावे लागते, तेव्हाच रंग व चव रसात उतरते. पूर्वी माणसे उघड्या अंगाने पिंपात उतरून हे काम करीत. आंबताना निघणारा कर्बवायू हवेहून जड. तो पिंपात साचतो आणि त्याने गुदमरून माणसे दगावली आहेत. मग २२८ लिटरच्या ओकच्या पिंपात मद्य वर्ष-दीड वर्ष मुरते. एका पिंपाच्या सुमारे तीनशे बाटल्या होतात.

ते वाढण्याचेही शास्त्र आहे. जुनी बाटली एक दिवस उभी ठेवायची, म्हणजे गाळ तळाशी बसतो. मद्य पंधरा ते सतरा अंशांवर असावे. पेला पोटाशी रुंद असावा आणि तिसरा हिस्साच भरावा, म्हणजे वास मोकळा होतो. सोबत भाजलेले कोंबडे किंवा मंद आचेवर शिजवलेले गोमांस. पण फ्रान्सच्या मळ्यांतील मजुराच्या वाट्याला पूर्वी काय येई? पिळून उरलेल्या चोथ्यात पाणी घालून आंबवलेले पातळ पेय. त्याला पिकेत म्हणत. रस मालकाकडे आणि चोथा मजुराकडे, अशी ती वाटणी होती.

१९३७ मध्ये फ्रेंच सरकारने वूझोच्या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. दुसऱ्या गावचे मद्य त्या नावाने विकता येत नाही. २०१५ मध्ये युनेस्कोने बर्गंडीच्या या मळ्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. बाटलीवरच्या चिठ्ठीत मळ्याचे नाव असते, मालकाचे असते, सालही असते. नऊशे वर्षे ज्यांनी ती जमीन ओळखली, त्यांचे नाव तेथे नाही. नावाला जसे कायद्याचे संरक्षण मिळाले, तसेच त्या हातांच्या मजुरीला आणि जिवालाही मिळाले पाहिजे. कोणत्याही उंची वस्तूचे कौतुक करताना हा हिशेब आपण विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.