'जग्गा जासूस' आणि लांबलेल्या निर्मितीची किंमत

१४ जुलै २०१७ रोजी 'जग्गा जासूस' हा हिंदी चित्रपट देशभर प्रदर्शित झाला, तेव्हा दिग्दर्शक अनुराग बसू यांच्या नावावर 'बर्फी'चे मोठे यश जमा होते. बसू मूळचे छत्तीसगडमधील भिलाईचे. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याच्या या नगरीत, रंगभूमीवर काम करणाऱ्या बंगाली दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. भिलाईने हिंदी चित्रपटसृष्टीला दिलेल्या या सर्वाधिक नावाजलेल्या दिग्दर्शकाची वाटचाल 'जग्गा जासूस'ने दीर्घकाळ रोखून धरली.

चित्रपट वाईट होता म्हणून तो पडला, असे म्हणणे सोपे असले तरी पूर्ण खरे नाही. तो तयार होण्यास लागलेला काळ हाच त्याचा खरा वैरी ठरला.

'मर्डर' ते 'बर्फी'

बसू यांची सुरुवात दूरचित्रवाणी मालिकांपासून झाली. 'साया' (२००३) हा त्यांचा सुरुवातीचा चित्रपट चालला नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या 'मर्डर'ने मात्र त्यांना यश मिळवून दिले. त्याच वर्षी, २००४ मध्ये, त्यांना रक्ताच्या कर्करोगाने गाठले. त्या आजारातून उठून त्यांनी 'गँगस्टर' (२००६) आणि 'लाइफ इन अ मेट्रो' (२००७) हे चित्रपट दिले.

मोठ्या खर्चाच्या चित्रपटाचा पहिला फटका त्यांना मे २०१० मध्ये बसला. राकेश रोशन यांची निर्मिती, हृतिक रोशन आणि मेक्सिकोच्या अभिनेत्री बार्बरा मोरी यांच्या भूमिका, शिवाय परदेशी प्रेक्षकांसाठी हॉलीवूडचे दिग्दर्शक ब्रेट रॅटनर यांनी सिद्ध केलेली वेगळी आवृत्ती, असा 'काइट्स'चा थाट होता. भारतात पहिल्या काही दिवसांची गर्दी ओसरताच चित्रपट कोसळला. मात्र सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या 'बर्फी'ने ही आठवण पुसून टाकली. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्या वर्षी याच चित्रपटाची निवड झाली.

तीन वर्षे, अनेक तारखा

'बर्फी'नंतर बसू आणि अभिनेते रणबीर कपूर यांनी 'पिक्चर शुरू' ही संस्था स्थापन केली. सहनिर्माते म्हणून डिस्ने इंडिया सोबत होती. कल्पना धाडसी होती. अडखळत बोलणारा एक मुलगा केवळ गाऊनच आपले म्हणणे मांडू शकतो आणि बेपत्ता झालेल्या पालक पित्याचा शोध घेत निघतो. त्यामुळे संवादांचा मोठा भाग यमकबद्ध व संगीतात बांधलेला होता. संगीत नाटकाची परंपरा असलेल्या मराठी प्रेक्षकाला हे वेगळे वाटू नये, परंतु हिंदी व्यावसायिक चित्रपटात असा प्रयोग विरळाच. संगीतकार प्रीतम आणि गीतकार अमिताभ भट्टाचार्य यांच्यावर जवळजवळ पटकथाकाराइतकीच जबाबदारी येऊन पडली.

चित्रीकरण २०१४ मध्ये सुरू झाले. संपूर्ण पटकथा बांधून न घेता काम करण्याची बसू यांची पद्धत सर्वश्रुत आहे. छोट्या चित्रपटात ती दिग्दर्शकाला मोकळीक देते. अनेक देशांत चित्रीकरण असलेल्या, गाण्यांतून कथा सांगणाऱ्या चित्रपटात प्रत्येक बदल म्हणजे नवे गीत, नवे ध्वनिमुद्रण आणि कलाकारांच्या नव्या तारखा. प्रदर्शनाचा दिवस वारंवार पुढे ढकलला गेला. दरम्यान नायक-नायिका, म्हणजे रणबीर कपूर व कॅटरिना कैफ, यांच्यात दुरावा आल्याच्या बातम्यांनी चित्रपटाच्या चर्चेचा ताबा घेतला. अभिनेते गोविंदा यांनी चित्रित केलेली भूमिका अंतिम आवृत्तीतून वगळण्यात आली व त्याबद्दल रणबीर यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली.

या काळात निर्मितीसंस्थाच बदलली. डिस्नेने २०१६ मध्ये हिंदी चित्रपटांच्या निर्मितीतून अंग काढून घेण्याचे ठरवले आणि 'जग्गा जासूस' हा त्या पर्वातील तिचा अखेरचा चित्रपट ठरला. तिकीटबारीवर खर्च भरून निघाला नाही. प्रदर्शनानंतर रणबीर यांचे वडील ऋषी कपूर यांनी बसू यांच्या कार्यपद्धतीवर जाहीर टीका केली. संगीत, गीतलेखन व नृत्यदिग्दर्शनाचे फिल्मफेअर पुरस्कार मात्र पुढच्या वर्षी याच चित्रपटाला मिळाले.

डॅलस आणि कोल्हापूर

निर्मिती लांबत असताना भोवतालचे जग बदलणे हा धोका केवळ चित्रपटांपुरता नाही. संगणकीय खेळांच्या व्यवसायातील 'दाइकाताना' हे त्याचे ठळक उदाहरण होय. 'डूम' (१९९३) आणि 'क्वेक' (१९९६) या खेळांमुळे कीर्ती मिळवलेले अमेरिकेतील जॉन रोमेरो यांनी आयडी सॉफ्टवेअर सोडून डॅलस येथे आयन स्टॉर्म ही कंपनी काढली. 'दाइकाताना' १९९७ च्या नाताळापर्यंत बाजारात येणार होता. परंतु 'क्वेक २'चे तंत्रज्ञान पाहिल्यावर रोमेरो यांनी आपला खेळ त्यावर नव्याने उभारण्याचा निर्णय घेतला. त्यात दीर्घकाळ गेला, सहकाऱ्यांचा मोठा गट एकाच वेळी बाहेर पडला आणि २००० मध्ये खेळ आला तेव्हा तो जुनाट दिसत होता. खेळाडूंना डिवचणाऱ्या १९९७ च्या उद्धट जाहिरातीने रोष आणखी वाढवला. २००१ मध्ये डॅलसचे कार्यालय बंद झाले. रोमेरो यांनी त्या जाहिरातीबद्दल माफी मागितली ती २०१० मध्ये.

महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण आहे दादासाहेब फाळके यांचे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) घडवणाऱ्या फाळके यांनी 'सेतुबंधन' मूकपट म्हणून हाती घेतला. पैशांअभावी काम रेंगाळले आणि मार्च १९३१ मध्ये 'आलम आरा'ने भारतीय पडदा बोलका केला. मग 'सेतुबंधन'ला मागाहून आवाज जोडावा लागला. पुढे कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' (१९३७) हा आपला एकमेव बोलपट केला. त्याच्याही निर्मितीत वर्षे गेली. सदुसष्टाव्या वर्षी केलेला तो त्यांचा अखेरचा चित्रपट. १९४४ मध्ये नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना बरीचशी विसरलेली होती.

तिकीटबारीवर परतताना

अपयशाची झळ सर्वांना सारखी बसत नाही. रणबीर कपूर यांना 'संजू'ने वर्षभरातच, २०१८ मध्ये, शिखरावर नेले. बसू यांचा पुढचा चित्रपट येण्यास २०२० उजाडले. 'लूडो' चित्रपटगृहांसाठी तयार झाला होता, पण करोनामुळे तो नोव्हेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर प्रदर्शित करावा लागला. त्यात एका महानायकाऐवजी अनेक कलाकारांच्या गुंफलेल्या कथा होत्या, 'लाइफ इन अ मेट्रो'च्या जातकुळीच्या. बसू यांचा हात या प्रकारात अधिक मोकळा चालतो.

४ जुलै २०२५ रोजी 'मेट्रो… इन दिनों'द्वारे त्यांचे नाव पुन्हा चित्रपटगृहांत झळकले. 'जग्गा जासूस'ला तेव्हा जवळपास आठ वर्षे झाली होती. त्या चित्रपटाच्या अखेरीस सूचित केलेली पुढची गोष्ट तोवर आली नव्हती, आणि किशोरकुमार यांच्या जीवनावर बसू व रणबीर मिळून करणार असलेला, कित्येक वर्षे चर्चेत राहिलेला चित्रपटही कागदावरच होता.