चवड्याखालील मृदु ऊतक : एका मापनाचा इतिहास

चालताना टाच उचलली गेली, म्हणजे दुसरे पाऊल जमिनीवर टेकण्यापूर्वी देहाचा बहुतेक सारा भार एका चवड्यावर येतो. तेथे बोटांच्या मुळाशी पाच प्रपदास्थींची गोल टोके असतात. ही टोके व जमीन यांच्यामध्ये त्वचा, मेद व तंतू यांची एक गादी असते. या गादीकडे केवळ शरीराचा एक भाग म्हणून न पाहता विशिष्ट यांत्रिक गुण असलेले द्रव्य म्हणून पाहण्यास शास्त्राने केव्हा व का आरंभ केला, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

या अभ्यासाचे तीन प्रवाह दीर्घकाळ एकमेकांपासून अलग वाहत होते. पहिला रचनेचा. जर्मन अभ्यासकांपैकी टीट्झ याने १९२१ मध्ये तळपायातील संयोजी ऊतकाची मांडणी वर्णिली व ब्लेखश्मिट याने १९३३ मध्ये टाचेच्या गादीची. मेद हा सैलसर साठलेला नसून तंतूंच्या भिंतींनी बनलेल्या कोशांत कोंडलेला आहे, हे या वर्णनांतून स्पष्ट झाले. दाब आला की मेद बाजूस पसरू पाहतो व भिंती त्याला अडवितात. गादीचे बळ या अडवणुकीत आहे. चवड्याची अशी तपशीलवार मांडणी मात्र बोयसन-मोलर व फ्लागस्टाड यांच्या १९७६ च्या निबंधाने पुढे आली. बोटे वर वळली असता चवड्याची त्वचा तंतूंच्या ताणाने सांगाड्याशी जखडली जाते आणि जमिनीशी होणारे घर्षण हाडांपर्यंत पोचविले जाते, असे त्यांनी दाखविले.

दुसरा प्रवाह भाराच्या मापनाचा. फ्रान्समध्ये मारे याने १८७० नंतरच्या दशकात तळव्यात हवेची पोकळी असलेले जोडे वापरून पावलाचा दाब नोंदविला. १८८२ मध्ये बेली याने प्लास्टरने भरलेल्या पातळ पिशवीवर माणसे उभी केली व ठशाच्या खोलीवरून दाबाचे अनुमान केले. येथे एक दोष राहिला : ठसा भाराइतकाच पायाच्या आकारावरही अवलंबून असतो. एल्फ्टमन याने १९३४ मध्ये काचेवर टोकदार उंचवट्यांची रबरी चटई अंथरून खालून चलच्चित्रण केले. त्यामुळे स्थिर ठशाऐवजी पावलाखालून सरकत जाणारा दाब प्रथमच डोळ्यांना दिसला.

हे सारे निरोगी पायाविषयीचे कुतूहल होते. त्याला निकडीचे रूप आले ते तमिळनाडूतील वेल्लोर येथे. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्याच्या तळपायाची जखम हा रोगाचाच अटळ परिणाम होय, त्या मांसातच भरून येण्याची शक्ती उरलेली नाही, असा समज तेव्हा रूढ होता. ब्रँड व त्यांचे सहकारी यांना दिसले ते निराळे : पायाला विश्रांती मिळाली की जखम भरून येते आणि रोगी चालू लागला की ती बहुधा त्याच जागी, हाडाच्या टोकाखाली, पुन्हा उघडते. दोष मांसाचा नव्हता; वेदना हरपल्यामुळे दाबाची सूचनाच मिळत नव्हती. १९६३ मध्ये बाउमन, गर्लिंग व ब्रँड यांनी पावलाखाली पातळ विद्युत्-संवेदक बसवून निरनिराळ्या पादत्राणांतील दाब मोजला. पुढे अमेरिकेतील कार्व्हिल येथे उंदरांच्या पंजांवर यंत्राने हजारो वेळा मध्यम दाब देण्यात आला, तेव्हा एका खेपेस निरुपद्रवी ठरणारा दाबही पुनरावृत्तीने दाह व व्रण उत्पन्न करतो, हे सिद्ध झाले. महाराष्ट्रातही कुष्ठरोग्यांना दिल्या जाणाऱ्या सूक्ष्मकोशी रबराच्या चपलेमागे हाच विचार आहे.

आता तिसरा प्रश्न अपरिहार्य झाला : खुद्द ऊतकाचे गुण कोणते? येथील मापनाने अभ्यासकांना बराच काळ चकविले. टाचेच्या सुट्या गादीवरील प्रयोगांत सुमारे ३० टक्के ऊर्जा लोप पावे. जिवंत माणसावरील आघातप्रयोगांत हेच प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत जाई. १९९५ मध्ये आर्ट्स व सहकाऱ्यांनी या विसंगतीचे मूळ दाखविले. जिवंत प्रयोगात गादीबरोबर गुडघ्याखालचा संपूर्ण पायही हलत होता आणि त्याने गिळलेली ऊर्जा गादीच्या खात्यावर मांडली जात होती. चवड्याच्या बाबतीत १९९९ मध्ये कॅव्हानाघ यांनी श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साह्याने दाखविले की, चालताना दुसऱ्या प्रपदास्थीखालील ऊतक दाबले जाऊन त्याची जाडी जवळजवळ निम्म्यावर येते. २०१० मध्ये पै व लडू यांना मधुमेही पायांचे तळव्याचे ऊतक निरोगी पायांच्या ऊतकापेक्षा अधिक ताठर आढळले.

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक म्हणजे, मापनात आलेला आकडा ऊतकाचा की मापनाच्या व्यवस्थेचा, हा प्रश्न बेलीच्या पिशवीपासून १९९५ च्या उलगड्यापर्यंत एकच आहे; नव्या उपकरणाने तो आपोआप सुटत नाही. दुसरी अधिक महत्त्वाची. जखमेचे कारण रोग्याच्या रक्तामांसात शोधले जात होते, तोवर त्याच्या वाट्याला केवळ कीव किंवा बहिष्कार येत होता. ते कारण दाब आणि पुनरावृत्ती यांत सापडल्यावर त्याच्यासाठी काही करता येऊ लागले. बहुविध औषधोपचाराने आज कुष्ठरोग बरा होतो. परंतु गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही, आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायांची संख्या वाढतच आहे. त्या पायांना वेदनेचे जे काम स्वतः करता येत नाही, ते मापनाने करावयाचे आहे.