हर्ट्झची खोली आणि आजीचा रेडिओ

गेल्या वर्षी आम्ही नव्या फ्लॅटमध्ये आलो आणि आजीचा एफएम रेडिओ नुसता खरखरायला लागला. मीच तो लोखंडी कपाटाला टेकवून ठेवला होता. "म्हातारा झाला रे तोही, माझ्यासारखा," असं म्हणून तिने तो बंदच करून टाकला. मी बीटेक, पण मलाही ते पटलं! खरं तर दोष रेडिओचा नव्हता, जागेचा होता. आणि जागेने फसवलेला मी काही पहिला नाही.

चला १८८८ सालात, जर्मनीतल्या कार्ल्सरूहेला. हाइनरिश हर्ट्झ लेक्चर हॉलमध्ये रेडिओ लाटा मोजत होता. हॉल १५ मीटर लांब. समोरच्या भिंतीवर ४ मीटर उंच, २ मीटर रुंद जस्ताचा पत्रा. मधली गॅसची झुंबरंसुद्धा त्याने काढून टाकली. लाट पत्र्यावर आपटून परत फिरते, येणारीत मिसळते. मग काही जागी जोर वाढतो, तर काही जागी जवळपास शून्य. हर्ट्झ तारेचं कडं घेऊन हॉलभर फिरला. कड्याच्या फटीत ठिणगी कुठे ठळक दिसे, कुठे गायब! त्यावरून लाटेची लांबी निघाली, साधारण ९.६ मीटर.

पण गोची अशी की, जवळपास १० मीटरची लाट आणि १५ मीटरची खोली! बाकीच्या भिंतीही मध्ये लुडबुड करणारच. हर्ट्झला हवेतला वेग आणि तारेतला वेग वेगवेगळा दिसला. मॅक्सवेलच्या सिद्धांताप्रमाणे तो सारखा यायला हवा होता. म्हणजे सिद्धांतच चुकला की काय? १८९३ मध्ये जिनिव्हात सारासँ आणि द ला रीव्ह यांनी खूप मोठ्या हॉलमध्ये, मोठा पत्रा लावून तोच प्रयोग केला. वेग सारखाच निघाला. सिद्धांत बरोबर होता, खोली लहान पडली होती. १ जानेवारी १८९४ ला हर्ट्झ गेला, अवघ्या ३६ व्या वर्षी.

आता आपला हिशोब. १०० मेगाहर्ट्झची एफएम लाट ३ मीटरची. धातूला अगदी चिकटून तिचं विद्युत क्षेत्र जवळपास मरतं. पाव लाट, म्हणजे ७५ सेंटीमीटर दूर गेलं की जोर येतो.

मी रेडिओ कपाटापासून अडीच फूट लांब, खिडकीत ठेवला. गाणं स्वच्छ लागलं.

"अगं बाई, बरा झाला की हा!" आजी म्हणाली.

तेव्हा मंडळी, एखादी वस्तू म्हातारी झाली म्हणण्याआधी तिची जागा बदलून बघा. भेटू पुढच्या भागात!