भित्तिपत्रकातील वेष आणि ओळख

चित्रपटाचे भित्तिपत्रक कथा सांगत नाही. ते केवळ खुणा देते. बायकी वेष व हावभाव ही समलिंगी पुरुषाची खूण होय, असा समज प्रेक्षकांत रूढ आहे. मराठी चित्रपटांचा अलीकडील इतिहास या समजाला दुजोरा देत नाही.

'जोगवा' (२००९) या चित्रपटाच्या जाहिरातींत लुगडे नेसलेले उपेंद्र लिमये दिसले. परंतु ते लुगडे देवीला वाहिलेल्या जोगत्याचे असून, त्याचे प्रेम एका जोगतिणीवर जडते. 'नटरंग'मधील (२०१०) गुणा हा पैलवानी देहाचा, संसारी पुरुष; नाच्याचे हावभाव तो फडाच्या गरजेपोटी पत्करतो, आणि त्यापायीच त्याची विटंबना होते. दोन्ही ठिकाणी खूण विधीची वा व्यवसायाची असते. पाहणारा तिचा अर्थ लैंगिकतेचा लावतो.

याउलट रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'मधील (२०२५) आनंद व बाळ्या हे परस्परांवर प्रेम करणारे पुरुष वेषाने चारचौघांसारखेच आहेत. सूचना आहे ती शीर्षकातील फळात : वर काटे, आत गोडी.

सारांश, लुगड्यावरून ओळख ठरविणारा प्रेक्षक जोगत्यावर अन्याय करतो; आणि आनंद-बाळ्या तर त्याला दिसतच नाहीत.