माणदेशातील आंबील

आंबील म्हणजे ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ ताकात आंबवून, पाण्यात शिजवून केलेले पातळ, आंबटसर पेय. साताऱ्यातील माण, सांगलीतील आटपाडी आणि लगतचा सांगोला अशा माणगंगेच्या खोऱ्यात, म्हणजेच माणदेशात, ती मुख्यतः ज्वारीची होते, नाचणी घाटमाथ्याकडची. हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास, आणि सातारा जिल्ह्यातल्याच महाबळेश्वरला याच्या दहापट. अशा मुलखात रब्बीचा शाळू, खरिपाची बाजरी आणि मेंढ्या-गुरे यांवरच घर चालत आले. आंबिलीला लागणारे पीठ आणि ताक दोन्ही घरचेच, विकत आणायचे ते मीठ-जिरे तेवढे.

धान्य आंबवून पिण्याची चाल फार जुनी आहे. चरकसंहितेत सौवीरक आणि तुषोदक ही जवापासूनची आंबट पेये येतात. दख्खनमध्ये ही चाल भाषांच्या सीमा ओलांडून पसरलेली दिसते. कर्नाटक-आंध्रात अंबली आहे, तर तामिळनाडूत आडी महिन्यात मारिअम्मन देवीच्या देवळांपुढे बाजरी-नाचणीची ‘कूळ’ नावाची पेज रांधून वाटतात. भरडधान्ये पिकवणाऱ्या इतर देशांनीही असेच पेय शोधले. तुर्कस्तानातला बोझा त्यातलाच. इस्तंबूलमधले वेफा हे बोझाचे प्रसिद्ध दुकान 1876 साली सुरू झाले. बोझा अधिक आंबला की त्यात थोडी नशा येते. आंबिलीचे तसे होत नाही, कारण ती एका रात्रीपुरतीच आंबते आणि मग चुलीवर चढते. उकळीत आंबवणारे जिवाणू मरतात, आंबटपणा तेवढा राहतो.

त्याच 1876 साली दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला आणि तो 1878 पर्यंत चालला. सातारा जिल्हा त्यात होरपळला. सरकारी कामावर खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसाला सुमारे एक पौंड धान्य मिळावे, असा ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांचा हिशोब होता आणि त्यावर तेव्हाच टीका झाली. म्हसवडचा तलाव अशाच दुष्काळी कामातून आकाराला आला. धान्य इतके तोकडे असले की भाकरी परवडत नाही. एका भाकरीच्या पिठात दोघा-तिघांची आंबील होते. पोट भरत नसले तरी भूक मारता येते, आणि घामावाटे गेलेले मीठ-पाणी भरून निघते. आज आंबिलीचे गुणगान आरोग्याच्या अंगाने होते. ते खोटे नाही, पण माणदेशात ती आवडीपेक्षा टंचाईने रुजवली, हे त्यात सहसा सांगितले जात नाही.

घरच्या चुलीवरचे हे पेय देवाच्या पानातही पोहोचले. पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत ज्येष्ठा गौरीच्या नैवेद्याला आंबील लागते. यल्लम्मा म्हणजेच रेणुकेच्या भक्तीत तर तिचे स्थान पक्के आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे भाविक कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या डोंगरावर जातात. ते परतल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात जी यात्रा भरते, तिचे नावच आंबील यात्रा आहे. जतची यल्लम्मादेवीची जत्राही याच महिन्यातली. म्हणजे एरवी उन्हाळ्यात प्यायचे हे पेय यात्रेत ऐन थंडीत मिळते. देवीला ऋतूपेक्षा रिवाज महत्त्वाचा. जत्रेत वेगळ्या चवीची आंबील पिऊन आलेल्या बायका घरी तसा हात बसतो का ते पाहत आल्या, आणि लसणाचे, जिऱ्याचे प्रमाण गावोगाव बदलत गेले.

रोजच्या जेवणातून मात्र आंबील मागे पडली. आधी चहा आला. 1930 च्या दशकात चहाच्या मंडळाने देशभर प्रचार चालवला आणि पुढे सकाळच्या पेल्यात चहा ठरून गेला. 1972 च्या दुष्काळात रेशनवर परदेशी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर सुकडी मिळू लागली. त्यानंतर स्वस्त गहू-तांदळाने ज्वारीची जागा घेतली. टेंभू आणि उरमोडी या सिंचन योजनांचे पाणी पोहोचले तिथे पिकेही बदलली. आटपाडीची ओळख आता डाळिंबाची आहे. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा हॉटेलांच्या यादीत आंबील पुन्हा दिसू लागली.

करण्याची रीत साधी आहे. वाटीभर ज्वारीचे पीठ दोन वाट्या आंबट ताकात कालवून मडक्यात रात्रभर झाकून ठेवतात. सकाळी चार-पाच वाट्या पाण्याला आधण आले की कालवलेले पीठ बारीक धारेने सोडतात. दुसरा हात पळीने ढवळत राहतो. तो थांबला की गुठळ्या झाल्याच. कच्च्या पिठाचा वास जाऊन आंबील चकाकू लागली की ठेचलेला लसूण, जिरे आणि मीठ घालून उतरवतात. गार होताना ती दाटते, म्हणून पिण्याआधी पुन्हा ताक घालून सैल करतात. तोंडी लावायला कांदा किंवा हिरवी मिरची असते. भांडे मातीचे, स्टीलचे किंवा कल्हईचे हवे, बिनकल्हईच्या पितळेत आंबील कळकते. पीठ शाळूचे आणि ताजे दळलेले घ्यावे. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, त्यातून आंबील कडवट होते आणि खाली साका बसून वर नुसते पाणी तरंगते.